ड्रायरची वाया जाणारी उष्णता

प्रश्न : आमच्याकडे विजेवर चालणारा, ओली गरम हवा नळीवाटे खिडकीबाहेर सोडणारा कपड्यांचा ड्रायर आहे. पावसाळ्यात तो दिवसाआड चालतो आणि नळीच्या तोंडाशी हात धरला की एवढी ऊब वाया जाते याची हळहळ वाटते. या हवेवर आंघोळीचे पाणी तापवता येईल का? आणि डिसेंबरात तीच हवा खोलीत सोडली तर?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर : आपली हळहळ रास्त आहे, कारण ड्रायर जेवढी वीज घेतो तिचा बहुतेक भाग त्या नळीतूनच बाहेर पडतो. अडचण आहे ती उष्णतेच्या रूपाची. सहा किलो कपडे मशीनने पिळून काढले तरी त्यांत साधारण साडेतीन लिटर पाणी उरते. एका लिटरची वाफ करायला सुमारे ०.६५ युनिट लागते, म्हणजे नुसते पाणी उडवण्यातच सव्वादोन युनिटे खर्ची पडतात. ही उष्णता वाफेत दडलेली असते (शाळेतला अप्रकट उष्मा तो हाच) आणि वाफेचे पुन्हा पाणी झाल्याखेरीज ती हाती लागत नाही. त्यासाठी हवा दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते, त्याच्या) खाली निववावी लागते. नळीवर तांब्याच्या नळीचे चार वेढे देऊन ते साधत नाही, त्याला बराच मोठा थंड पृष्ठभाग लागतो. अशा ओल्या पृष्ठभागावर कपड्यांची लव चिकटून थोड्याच दिवसांत घोंगडीसारखा थर बसतो, हवेची वाट अडते, हीटर तापतो, आणि ती लव चटकन पेट घेणारी असते.

एवढे करून अर्धी उष्णता पकडली, तर २६ अंशांचे पाणी ४० अंशांवर नेऊन वीस-वीस लिटरच्या तीन बादल्या मिळतील. युनिटला दहा रुपये धरले तरी ही बचत एका खेपेमागे अकरा रुपयांच्या आसपास आहे. एवढ्यासाठी घरात खटाटोप मांडावा, असे मला वाटत नाही.

हवा खोलीत सोडणे तर टाळावेच. बंद खोलीत साडेतीन लिटर पाण्याची वाफ कोंडली की भिंतींना ओल येते, कपाटामागे बुरशी धरते. गॅसवर चालणारा ड्रायर असेल तर कार्बन मोनॉक्साइडमुळे हा जिवाशी खेळ ठरेल. शिवाय नागपुरात ज्या दिवसांत उबेची गरज असते, त्या दिवसांत गच्चीवरचे ऊन कपडे फुकट वाळवून देते. आणि ड्रायर लागतो तेव्हा, जुलै-ऑगस्टात, घरात ऊब कोणालाच नको असते.

वाफेतली उष्णता यंत्रातच परत वापरण्याचे काम हीट पंपाचा ड्रायर करतो. त्याला वीज निम्म्याच्या आसपास लागते, वेळ मात्र जास्त लागतो. जुना ड्रायर बिघडेल तेव्हा तो अवश्य पाहावा. चालते यंत्र त्यासाठी काढू नये. तूर्त मशीनचा स्पिन ८०० वरून १२०० फेऱ्यांवर न्यावा, म्हणजे अर्धा लिटर पाणी तरी कमी उडवावे लागेल.

आणि आपल्याकडे कूलर असेलच. पावसाळ्यात त्याच्या ताट्या काढून, पाण्याचा पंप बंद ठेवून नुसता पंखा कपड्यांच्या स्टँडकडे वळवावा आणि समोरची खिडकी उघडी ठेवावी. दीडशे-दोनशे वॅटच्या पंख्याला पाच तासांत फार तर एक युनिट लागते. रात्रभरात शर्ट-साड्या बऱ्याच सुकतात. मग ड्रायर फक्त टॉवेल आणि जीन्सच्या शिवणींतल्या ओलीसाठी लावावा.