शिष्यवृत्तीआधी १,५०० रुपये?

प्रश्न : मुलगी बी.कॉम.ला आहे. ‘महाडीबीटीतून (राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल) बोलतोय, शिष्यवृत्ती मंजूर झालीय, १,५०० रुपये प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन आला. क्यूआर कोडही पाठवलाय. भरू का?
— एक आई, बार्शी

उत्तर : ताई, छदामही भरू नका. माझी उभी नोकरी कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर गेली. मंजुरीसाठी असे पैसे कुणी फोनवर मागत नाही. रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात थेट जमा होते. अर्ज कुठे अडकलाय ते मुलीने स्वतः पोर्टलवर लॉगिन करून पाहावं, नाहीतर कॉलेजच्या क्लार्कला गाठावं (जेवणाच्या सुट्टीआधी!). पैसे घ्यायला यूपीआय पिन लागतच नाही. पिन टाकला की आपलेच जातात. चुकून ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.