आईची आठवण आणि मंदावलेला उरक

प्रश्न : माझे वय ५१. ठाण्यात नौपाड्याला राहते, फोर्टमधील कार्यालयात नोकरी करते. गेल्या भाद्रपदात आई गेली आणि तेराव्यानंतर मी लगेच कामावर हजर झाले. आता वर्षश्राद्ध झाल्यावर तिचा आवाजच आठवेनासा झाला आहे. दर सोमवारी आम्ही दोघी कौपिनेश्वराला जात असू. तिकडे पाय वळत नाही. उरक कमी झाला आहे, जलद गाडी पकडताना धाप लागते, नोकरी सोडावीशी वाटते. मी आईला विसरत चालले आहे का?

उत्तर : ताई, धाप लागते हे या आठवड्यातच डॉक्टरांना सांगा आणि हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तदाब व हृदय तपासून घ्या. पाळी जाण्याच्या वयात झोप मोडणे, नावे न आठवणे हे पुष्कळ स्त्रियांना होते आणि त्यावर उपचार आहेत; ते दुःखाच्या खाती टाकून सोसू नका.

आता आईविषयी. जुन्या रीतीत वर्षभर मंगलकार्ये टाळत, सण साधेपणाने करत, दर महिन्याला मासिक श्राद्ध होई. त्यातले सगळेच मला पटत नाही, लेकीला बाजूला ठेवणे तर मुळीच नाही, पण दुःखाला वर्षभराची मुदत देण्यात शहाणपण होते. आपण ती तेरा दिवसांवर आणली, आणि त्यातलेही निम्मे दिवस घरच्या बाईचे आल्यागेल्याच्या चहापाण्यात जातात. तुम्हाला आईसाठी वेळ मिळालाच नाही. तो तुम्ही आता मागत आहात, आणि त्यात लाजण्यासारखे काहीही नाही.

आवाज मुद्दाम आठवायला गेले की हाती लागत नाही, आणि एखाद्या फोडणीच्या वासासरशी तिचे वाक्य सुरासकट कानी येते. मोबाइलमध्ये तिचे ध्वनिसंदेश असतील तर त्यांची दुसरी प्रत आजच काढून ठेवा, कारण फोन बदलताना ते हरवतात. मामा-मावशी हयात असतील तर त्यांच्याकडे निवांत राहायला जा. तुमच्या जन्माआधीची ती मुलगी फक्त त्यांनाच ठाऊक आहे. देवळात सोमवारच्या गर्दीत जाण्याची सक्ती स्वतःवर करू नका, एखाद्या आडवारी जा, किंवा सध्या कचराळी तलावाभोवती सकाळी फेरी मारा.

कामावर जाताना ठाण्याहूनच सुटणारी धीमी गाडी धरा. पंधरा-वीस मिनिटे जास्त लागतील, पण बसायला मिळण्याची शक्यता अधिक, आणि तेवढ्या वेळात कार्यालयाचे संदेश उघडायचे नाहीत. वरिष्ठांना कारण स्पष्ट सांगून काही महिने जादा काम नाकारा. झोप, भूक पार गेली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर १४४१६ या टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते. राजीनाम्याचा विचार मात्र तपासण्यांचे निकाल हाती येऊन, चांगली पंधरा दिवसांची रजा घेऊन झाल्यावरच करा.