फोटो एडिटिंगसाठी मॅक घेण्याआधी

समजा, तुम्ही डोंबिवलीत लग्न-बारशाचे फोटो काढता, लॅपटॉप पाच वर्षांचा विंडोज, रॅम ८ जीबी, फोटोशॉपचे महिन्याचे भाडे जड जाते आणि मित्र ‘मॅकच घे’ म्हणून मागे लागलेत. मॅकची घाई करू नका.

‘फोटोचे काम मॅकवरच’ हा समज आला कुठून? १९९० साली फोटोशॉप आले ते फक्त मॅकवर, विंडोजची आवृत्ती नंतर निघाली. शिवाय २००९ पर्यंत मॅकचा गॅमा (मधल्या छटा किती उजळ दाखवायच्या याचे माप) १.८ आणि विंडोजचा २.२, त्यामुळे तोच फोटो विंडोजवर गडद दिसायचा. ते दिवस गेले, भांडण तेवढे राहिले. मॅकबुकचा पडदा चांगला असतो आणि रंग कारखान्यातूनच बरे जुळलेले येतात, हे मात्र खरे. उलट त्यातली रॅम नंतर वाढवता येत नाही. पैसे वाचवायला कमी रॅमचा घेतला की तो जन्मभर तसाच.

आता तुमच्या लॅपटॉपचे दुखणे. १२ बाय ३६ इंची अल्बमचे पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय १०,८०० पिक्सेल होते, म्हणजे जवळपास ३.९ कोटी पिक्सेल. पूर्ण पानभर पसरलेला एक लेयर (चित्राचा थर) ८ बिटमध्ये सुमारे १५५ एमबी, १६ बिटमध्ये ३१० एमबी. असे दहा लेयर, वर अनडूचा इतिहास, शेजारी ब्राउझर उघडा, की ८ जीबी संपते आणि सगळा भार डिस्कवर जातो. लॅपटॉप ‘अडकतो’ तो इथे. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा. ‘स्लॉट्स यूज्ड’समोर दोनपैकी एक दिसला तर तुमचे नशीब चांगले. लॅपटॉप घेऊनच मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात जा, आहे त्याच प्रकारची आणखी ८ जीबी दुकानातच बसवून घ्या, आणि १६ जीबी दिसल्यावरच पैसे द्या. अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आधी तिच्या जागी एसएसडी (वेगवान डिस्क) बसवा. विंडोज १०चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा त्याच खेपेत ११ टाकून घ्या.

सॉफ्टवेअरसाठी आज खिशात हात घालायची गरज नाही. अ‍ॅफिनिटी हे फोटोशॉपसारखे सॉफ्टवेअर पूर्वी एकरकमी विकत मिळायचे. कॅनव्हा या ऑनलाइन डिझाइनच्या कंपनीने ते बनवणारी कंपनी २०२४ मध्ये घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून ते फुकट आहे, कॅनव्हाचे साधे खाते पुरते. पैसे लागतात ते एआयच्या सोयींना. मॅक आणि विंडोज दोन्हींवर चालते, लिनक्सवर नाही. अल्बमची पाने यात करा, छपाईची सीएमवायके रंगपद्धतही आहे. कॅमेऱ्याच्या रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फाइली ढिगाने धुवायला, म्हणजे उजेड-रंग नीट करायला, डार्कटेबल हे सॉफ्टवेअर: एका फोटोवरची सेटिंग कॉपी करून हॉलमधल्या दोनशे फोटोंवर एकदम चिकटवता येते. शिकायला आठवडाभर डोके खाते, एवढे गृहीत धरा. गिंप या फोटो-एडिटरची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली आणि फिल्टर नंतर बदलायची सोय मिळाली, पण गिंप स्वतः रॉ उघडत नाही, डार्कटेबलकडे पाठवते. ग्राहकाने पीएसडी (फोटोशॉपची फाइल) पाठवली आणि किरकोळ दुरुस्ती असेल तर ब्राउझरमधले फोटोपी. फाइल तुमच्याच मशीनवर राहते, मात्र मोठ्या अल्बमसमोर फोटोपी दम तोडते.

परभाषकांच्या तुलनांत न सापडणारी अडचण म्हणजे देवनागरी. अ‍ॅफिनिटीत जोडाक्षरे तुटण्याची तक्रार जुनी आहे. काम घेण्याआधी ‘निर्विघ्न’ हा एक शब्द टाइप करून पाहा. पहिली वेलांटी ‘न’च्या आधी, रफार ‘व’वर आणि ‘घ्न’ जोडलेला दिसला तर पुढे जा. तुटला तर इंकस्केप या चित्र-आखणीच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फाँटने मजकूर लिहा, ऑब्जेक्ट टू पाथ करा (अक्षरांचे फाँटवर न अवलंबणारे आकार होतात), एसव्हीजी सेव्ह करून पानावर आणा. पत्रिका असो की मंडळाचा बॅनर, फ्लेक्सवाल्याकडे मजकूर असा पाथ करूनच द्या. जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधले ‘शुभविवाह’ त्याच्या मशीनवर फाँट नसेल तर इंग्रजी अक्षरांची भेळ होऊन छापले जाते, आणि चूक कुणाची यावर वाद घालायला वेळ नसतो. गिंपमध्ये देवनागरी नीट उमटते.

‘स्क्रीनवर छान, प्रिंट काळे’ यात बहुतेक वेळा लॅबचा दोष नसतो. पडद्याचा उजेड पूर्ण चढवलेला असला की डोळा फसतो आणि आपण फोटो गडद ठेवतो. पडद्याशेजारी कोरा कागद धरा, दोन्ही पांढरे सारखे उजळ वाटेपर्यंत उजेड उतरवा. विंडोजवर नाइट लाइट, मॅकवर ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट बंद. लॅबने वेगळे सांगितले नसेल तर एसआरजीबी (पडद्यांची नेहमीची रंगमर्यादा) जेपेग द्या, प्रोफाइल (रंग कसे वाचायचे याची माहिती) फाइलमध्ये एम्बेड करून. अ‍ॅडोबी आरजीबी या मोठ्या रंगमर्यादेत पाठवलेल्या फाइलचे प्रोफाइल लॅबने वाचले नाही, तर शालूचा लाल मरगळलेला येतो. स्वस्त लॅपटॉपचा पडदा पूर्ण एसआरजीबीही दाखवत नाही. मॅकसाठी राखलेल्या पैशांतून आयपीएस (बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा) मॉनिटर घ्या, विकत घेताना ‘१०० टक्के एसआरजीबी’ लिहिलेले पाहून.

मित्राच्या मॅकशी देवाणघेवाण करायची तर बाहेरची डिस्क एक्सफॅट या दोन्हींना वाचता-लिहिता येणाऱ्या पद्धतीत फॉरमॅट करा. विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीची डिस्क मॅक वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही, आणि मॅकची एपीएफएस विंडोजला दिसतच नाही. फाइलच्या नावात कोलन किंवा प्रश्नचिन्ह नको, विंडोज नाव नाकारते. अ‍ॅफिनिटीची फाइल दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरात उघडेल हे धरून चालू नका, म्हणून प्रत्येक पानाची एक टिफ (बहुतेक सॉफ्टवेअरांत उघडणारी) प्रत वेगळी ठेवा. आणि एक्सफॅट डिस्क इजेक्ट केल्याशिवाय उपटू नका. तिला जर्नल (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंदवही) नसते, अर्धवट लिहिली गेलेली फोल्डरची यादी बिघडली की सगळे लग्न एका झटक्यात दिसेनासे होते.