गेममध्ये पहिली, पण दोनच बोटांनी

"रोज अर्धा तास टायपिंगचा गेम खेळते. गुण भराभर वाढतात, पण टकटक दोनच बोटांनी. मॅडम, याला शिकणं म्हणायचं की नुसता खेळ?"

तिसरीतल्या मुलीच्या आईचा हा प्रश्न. बरेच पालक तो घेऊन येतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) सोबत आजोबा होते. तरुणपणी रेमिंग्टनच्या यंत्रावर शिकून सरकारी टायपिंगची परीक्षा दिलेले. गेम बंद करा आणि 'ए एस डी एफ'ची, म्हणजे कीबोर्डच्या मधल्या ओळीतली तीच अक्षरं पुन्हा पुन्हा टाइप करायची पानं काढायला लावा, हे त्यांचं म्हणणं. यावरून रोज संध्याकाळी घरात वाद व्हायचा आणि पोर रडत उठायची.

मी तिला माझ्यासमोरच खेळायला बसवलं. गेम टक्स टायपिंग. अक्षरं घेऊन मासे वरून पडतात, बरोबर कळ दाबली की पेंग्विन मासा गिळतो. मी मासे सोडून तिच्याकडे बघत राहिले. मान सारखी खाली-वर, खांदे कानांपर्यंत चढलेले, पाय लोंबकळत, आणि सगळं काम दोन तर्जनींवर.

कळ कुठल्या बोटानं दाबली, हे त्या गेमला कळत नाही. त्याला फक्त अक्षर बरोबर हवं आणि लवकर हवं. न शिकलेल्या करंगळीपेक्षा तर्जनी जलद चालते, मग मूल तीच वापरणार. यात तिची लबाडी नाही की आळस नाही. तिनं गेमला जे हवं तेच दिलं होतं.

म्हणून गेम बंद करू नका, असं मी सांगितलं. आजोबांच्या पानांनाही माझी हरकत नव्हती, पण आठ वर्षांचं मूल त्यावर टिकणार किती वेळ? बदल एवढेच केले: पायाखाली पाट, दिवसाला पंधराच मिनिटं, सुरुवातीला फक्त मधल्या ओळीची अक्षरं आणि कळा दिसू नयेत म्हणून हातांवर पातळ पंचा. एफ आणि जे या कळांवर बारीक उंचवटे असतात. तर्जनी तिथे टेकली की बाकीची बोटं न बघता आपापल्या जागी बसतात. गेमचे गुण कुणी विचारायचे नाहीत. गुण आजोबा देणार, तेही बोट बरोबर पडलं तरच.

वेग आधी पडेल, हे मी आईला बजावून ठेवलं होतं. बहुतेक घरं इथेच कच खातात. चौथ्या दिवशी फोन आलाच: "मॅडम, आता तर काहीच जमत नाही, मासे सगळे निसटतात." म्हटलं, निसटू द्या, गेमचा वेग सगळ्यात कमी ठेवा. त्या आठवड्यात ती दोनदा रुसली. आजोबांनी मात्र चिकाटी सोडली नाही, याचं मला फार कौतुक वाटलं.

दीड महिन्यानं तिघं पुन्हा आले. पंचा घातलेला, मान सरळ, वेग जुन्या वेगाच्या जवळपास. आईचा पुढचा प्रश्न तयार होता: मराठी कधी? इंग्रजीची मधली ओळ पक्की झाल्यावर, आणि इन्स्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या कीबोर्ड मांडणीवर, मी म्हटलं. तिथे स्वर डाव्या हाताला नि व्यंजनं बहुतेक उजव्या, त्यामुळे मुलांना मांडणी लवकर समजते. आजोबा लगेच कीबोर्डवर वाकले. त्यांना 'र' काही सापडेना. मी तो जे वर असल्याचं सांगितलं, तशी नातीनं पंच्याखालून त्यांचं बोट धरून उंचवट्यावर ठेवलं.