वाचकांचे प्रश्न : ‘रिफंड काढून देतो’ म्हणणाऱ्याला पॅन-पासवर्ड देऊ काय?

प्रश्न : ताई नमस्कार, मी खानापूर तालुक्यातला, उद्यमबागेत नोकरीला, पगार वर्षाला नऊ लाख. मुलगा अकरा वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, सर्टिफिकेटवर ८५ टक्के आहे. एक एजंट गेटवर येऊन सांगायलालाय की अपंग मुलगा असला तर सव्वा लाखाची सूट मिळते, मागच्या चार-पाच वर्षांचा रिफंड पण काढतो, आलेल्यातला चौथा हिस्सा माझा. पॅन, पासवर्ड मागितलाय, देऊ काय?

उत्तर : नको दादा, पासवर्ड तर अजिबातच नको.

सूट खरी आहे हो. इन्कम टॅक्स कायद्याचं कलम ८०-डीडी. आपल्यावर अवलंबून असलेली बायको किंवा नवरा, मुलं, आईवडील, भाऊबहीण यांच्यापैकी कुणाला ४० टक्क्यांवर अपंगत्व असेल तर उत्पन्नातून ७५ हजार वजा, ८० च्या वर असेल तर सव्वा लाख, आणि खर्च कितीही झालेला असू दे आकडा तोच. पण ही सूट फक्त ओल्ड रिजीममध्ये, म्हणजे टॅक्सच्या जुन्या पद्धतीत, आणि तिथंच एजंट गप्प बसतो. २०२५-२६ चा हिशेब करून बघा. न्यू रिजीममध्ये नऊ लाखातून ७५ हजार स्टँडर्ड डिडक्शन गेलं की उरतात सव्वाआठ लाख, बारा लाखापर्यंत टॅक्स माफ, म्हणजे तुम्हाला शून्य. ओल्डमध्ये ५० हजार गेले, मुलाचे सव्वा लाख गेले, पीएफ-एलआयसीचे पूर्ण दीड लाख धरले तरी पावणेसहा लाख उरतात, त्यावर सेससकट २८,६०० रुपये टॅक्स. सूट घेऊन वर पैसे भरायचे, ते कशाला?

ओल्ड कुणाला परवडतं तर पगार मोठा, घराच्या कर्जाचं व्याज आणि एचआरए (घरभाडं भत्ता) दोन्ही चालू त्याला. आपल्याकडं बहुतेक जण वडिलांच्या घरात राहतात, एचआरए कुठला आलाय.

आता मागची वर्षं. मुदत संपल्यावर अपडेटेड रिटर्न भरता येतं, पण ते जास्तीचा टॅक्स भरायला, त्यातून रिफंड मागता येत नाही. मग एजंट पैसे कुठून काढणार? खोट्या भाडेपावत्या, खोट्या देणग्या दाखवून. नोटीस तुमच्या नावानं येते, आणि खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर बुडवलेल्या टॅक्सच्या दुप्पट दंड. एजंटचा फोन तोवर बंद असतोय.

त्यापेक्षा मुलाचं यूडीआयडी कार्ड (अपंगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) नसेल तर ते आधी करा. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज फुकट आहे, तपासणी सरकारी दवाखान्यात. अर्ज जमत नसेल तर ग्रामपंचायतीत व्हीआरडब्ल्यू म्हणजे अपंगांसाठीचे पुनर्वसन कार्यकर्ते असतात, तालुक्याला तसेच एमआरडब्ल्यू, त्यांचं कामच हे, सायबर कॅफेवाल्याला पैसे द्यायची गरज नाही. आणि केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय योजना बघाच, सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना एक लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो. माझ्या मते तुमच्या घरी टॅक्सच्या सुटीपेक्षा हेच कामाला येईल. पुढं पगार वाढून ओल्डकडं जायची वेळ आलीच तर फॉर्म १०-आयए (अपंगत्वाचा दाखला) लागतो, त्यावर न्यूरोलॉजिस्टची नाहीतर सिव्हिल सर्जनची सही, आणि रिटर्न मुदतीतच भरायचं, उशीर झाला की ओल्ड निवडता येत नाही.

प्रश्न : निपाणीत दुकान आहे. धाकटा भाऊ ऐकू-बोलू शकत नाही, माझ्याकडंच असतो. त्याचं सर्टिफिकेट कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्याचं आहे, कर्नाटकात नवीन काढायला लागतंय काय?

उत्तर : नाही लागत. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की अपंगत्वाचं सर्टिफिकेट देशभर चालतं, सीमा आपल्याला आडवी येते, त्याला नाही. फक्त त्यावर मुदतीची तारीख आहे का बघा, मुदत संपली असेल तर पुन्हा तपासणी करून नवीन घ्यायला लागतं. भाऊ स्वतः कमवत असेल आणि स्वतःच्या रिटर्नमध्ये ८०-यू ची, म्हणजे स्वतःच्या अपंगत्वाची, सूट घेत असेल तर तुम्हाला ८०-डीडी मिळणार नाही, दोन्हीकडून नाही. आणि तुम्ही धंद्यावाले, तुम्हाला ओल्डसाठी फॉर्म १०-आयईए भरायला लागतो, एकदा ओल्डमधून न्यूला परतलात की धंदा चालू असेपर्यंत पुन्हा ओल्ड नाही, म्हणून सीएला समोर बसवून आकडे काढल्याशिवाय हलू नका. सीएची फी आधी ठरवा, रिफंडात वाटा देऊ नका.

प्रश्न : मुलीला थॅलेसेमिया आहे, २०१६ च्या कायद्यात आहे म्हणतात, मग ८०-डीडी का नाकारतात?

उत्तर : कायद्यातल्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया आहे खरा, पण ८०-डीडीतली व्याख्या १९९५ च्या जुन्या कायद्यावर बेतलेली, त्यात तो नाही. चुकीचंच आहे हे, पण आहे. तुमच्यासाठी ८०-डीडीबी आहे, उपचाराचा प्रत्यक्ष खर्च, ४० हजारांपर्यंत, तज्ज्ञ डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन जोडून ठेवायचं. हीसुद्धा ओल्ड रिजीममध्येच.