भाडेकरूचा मेहुणा घर सोडत नाही; लाईट तोडून बाहेर काढू का?

नका तोडू. लाईट नको, पाणी नको, बाहेरून कुलूप तर मुळीच नको. तुम्ही पुण्यात, आई इंदूरला एकट्या, भाडेकरू बदली होऊन गेला आणि त्याचा मेहुणा खोल्या अडवून बसलाय. प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण हे सगळं माझ्या घरात घडून गेलंय.

आमचं घरही इंदूरलाच, लोकमान्य नगरात. हे गेल्यावर खालच्या दोन खोल्या मी भाड्याने दिल्या. कुटुंब चांगलं होतं, भाडं वेळेवर यायचं. पुढे त्यांची भोपाळला बदली झाली, सामानाचा ट्रक गेला, पण किल्ली माझ्याकडे न येता मेहुण्याकडे राहिली. "आंटीजी, बस दो-चार महीने." भाडं आलंच नाही. मागायला गेले तर म्हणाला, बरसों से हम ही रह रहे हैं, कब्ज़ा हमारा है.

माझे धाकटे दीर पुण्याला असतात. त्यांचा फोन आला, "वहिनी, चार माणसं पाठवतो, रात्रीत सामान रस्त्यावर." आणि खरंच पाठवली. मी त्यांना फाटकातून आत येऊ दिलं नाही. त्या रात्रीवरून आजही लग्नाकार्यात विषय निघतो की वहिनी घाबरली. मी घाबरले नव्हते. वकिलांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं: स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टचं कलम 6. राहणाऱ्याला कायद्याच्या मार्गाने न जाता बाहेर काढलं, तर तो सहा महिन्यांच्या आत दावा लावून परत आत येऊ शकतो, आणि त्या दाव्यात घर कुणाच्या नावावर आहे हे बघितलंच जात नाही. म्हणजे ज्याच्याकडे चिठोरं नव्हतं त्याच्या हातात भाऊजींनी कोर्टाचा हुकूम दिला असता. वर गुन्हा दाखल झाला असता तो माझ्यावर, कारण घर माझं. भाऊजी पुण्यात.

चार माणसांऐवजी मी भोपाळला रजिस्टर्ड पत्र पाठवलं. जुन्या भाडेकरूला एवढंच विचारलं, की तुम्ही जागा कधी सोडली ते लिहून द्या. भला माणूस, त्याने तारखेसह लिहून दिलं आणि मेहुण्याला ठेवायची परवानगी मालकिणीकडून घेतली नव्हती हेही लिहिलं. भाऊजी तेव्हा म्हणाले होते, पत्रं कसली लिहितेस. सगळा दावा त्या पत्रावर उभा राहिला. दुसरा कागद थाण्याचा, म्हणजे पोलीस ठाण्याचा. भाडेकरू ठेवताना मी थाण्यात माहिती दिली होती, त्यात राहणाऱ्यांची नावं होती आणि मेहुण्याचं नाव नव्हतं. बरसों से रहतो म्हणणारा त्या कागदापुढे गप्प झाला. रजिस्ट्री म्हणजे खरेदीखत, नगर निगमच्या संपत्तिकराच्या पावत्या, नामांतरण म्हणजे घर माझ्या नावावर चढल्याची नोंद, हे तर होतंच. डिक्री झाली, म्हणजे निकाल माझ्या बाजूने लागला, कोर्टाचा माणूस कब्जा वॉरंट घेऊन आला आणि खोल्या रिकाम्या झाल्या. वेळ लागला, हे खरं. भाऊजी तेवढंच धरून बसतात. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये" ही म्हण मला त्यांनी किती वेळा ऐकवली! पण त्या माणसाचं पाऊल परत फाटकात पडलं नाही, आणि मुलाबाळांसकट कुणाला रात्री रस्त्यावर काढल्याचं पाप आमच्या दारात नाही.

पोलिसांचं म्हणाल तर कुलूप ताजं तुटलं असेल तर त्याच दिवशी फोटो घेऊन थाण्यात जा. घरात बेकायदा घुसणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 खाली गुन्हा आहे. महिने उलटले की थाण्यातून एकच उत्तर मिळतं, सिव्हिल मॅटर है. तरी लेखी तक्रार देऊन पोच घ्याच. मंगळवारच्या जनसुनवाईत, म्हणजे सरकारी कचेरीत लोकांच्या तक्रारी ऐकतात तिथे, अर्ज दिल्याने घर रिकामं होत नाही, पण तुम्ही गप्प बसला नव्हता याचा कागद तयार होतो.

बारा वर्षं राहिला की घर त्याचंच होतं, ही भीती आईंच्या मनात असेल तर काढा. भाडेकरू म्हणून किंवा परवानगीने राहणारा नुसता वर्षं मोजून मालक होत नाही. राखणदार, नोकर, ओळखीने राहिलेला माणूस कितीही वर्षं राहिला तरी त्याला हक्क मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2012 मध्ये स्पष्ट सांगितलंय. मात्र मालकी नाकारून उघडपणे बसलेल्यावर बारा वर्षं दावाच केला नाही तर मालकाचा हक्क जातो. म्हणून बसून राहू नका.

आता तुम्ही न लिहिलेली गोष्ट: मूळ भाडेकरूने जागा सोडल्याचं लिहून दिलंय का? दिलं असेल तर मेहुणा नुसता घुसखोर, दावा दिवाणी कोर्टात, मालकीच्या आधारावर, वापराच्या मोबदल्यासकट. दिलं नसेल तर कागदावर भाडेकरू अजून तोच आहे आणि 1961 च्या मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियमाखाली, म्हणजे तिथल्या घरभाड्याच्या कायद्याखाली, जावं लागेल. लेखी संमतीशिवाय दुसऱ्याला जागा देणं हे त्यात घर रिकामं करायचं कारण आहेच. शिवाय वडील नाहीत आणि घर आईंच्या नावावर असेल, तर विधवा मालकिणीसाठी त्यात वेगळी सोय आहे: स्वतःच्या गरजेसाठी भाडे नियंत्रण प्राधिकाऱ्याकडे थेट अर्ज. तिथे भाडेकरूला लढायचं तर आधी परवानगी मागावी लागते. अर्ज आईंच्या नावाने करा, तुमच्या नाही. तुमचा कुणी काका-मामा "बाईमाणूस कुठे कचेऱ्या फिरणार" म्हणेल, त्याचं ऐकू नका. मी फिरले.

मी वकील नाही. खोल्यांऐवजी दुकान असेल, किंवा जमीन नजूलची म्हणजे सरकारी असेल, तर हिशेब बदलतो. इंदूरच्याच वकिलाला कागद दाखवा. आणि भोपाळ असो की कुठेही, त्या भाडेकरूला पत्र याच आठवड्यात टाका, मेहुण्याशी त्याचं बिनसायच्या किंवा जमायच्या आत.