सोनं नॅनोट्यूबला चिकटतच नाहीये

प्रश्न: एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे. मल्टीवॉल कार्बन नॅनोट्यूब्स (कार्बनच्या अनेक थरांच्या अतिसूक्ष्म नळ्या) सल्फ्युरिक-नायट्रिकच्या ३:१ मिश्रणात ट्रीट करून पाणी न्यूट्रल येईपर्यंत धुतल्या, एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड तपासणीत) १७२० सेमी⁻¹ च्या आसपास कार्बोक्सिलचा, म्हणजे ॲसिडने ट्यूबवर आलेल्या COOH गटाचा, पीक दिसतोय. त्यात सायट्रेट पद्धतीने केलेलं गोल्ड कोलॉइड (पाण्यात तरंगणारे सोन्याचे सूक्ष्म कण) टाकून रात्रभर ढवळलं, तर सकाळी ट्यूबा तळाला आणि वरचं पाणी आपलं लालच्या लाल. गाइड म्हणतात अजून ॲसिड द्या. देऊ का?

उत्तर: नको हो, ॲसिडची बाटली कपाटात ठेवा. ऑक्सिडेशन झालंय, घोळ चार्जचा आहे. पाण्यात कार्बोक्सिलचा प्रोटॉन सुटतो आणि ट्यूब निगेटिव्ह होते, सायट्रेटवालं सोनंही निगेटिव्हच, त्याच्याच जोरावर तर ते कोलॉइड महिनोन्महिने लाल टिकतं, मग हे दोघं जवळ येणार कसे, रात्रभर ढवळा नाहीतर आठवडाभर. अजून ॲसिड दिलंत तर चार्ज वाढेल, वर ट्यूबा तुटून आखूड होतील ते वेगळंच.

मधे कुणीतरी पॉझिटिव्ह पाहिजे. पीडीडीए नावाचा पॉझिटिव्ह चार्जचा पॉलिमर मिळतो, त्याच्या पातळ सोल्युशनमध्ये जरासं सोडियम क्लोराइड घालून ट्यूबा सोनिकेट करा (अल्ट्रासाउंडने सुट्या करा), थोडा वेळ ढवळा आणि मग धुवा. इथेच सगळे आळस करतात! मोकळा पीडीडीए राहिला तर तो सोन्याचे कण एकमेकांनाच चिकटवतो, मीठ राहिलं तरी कणांचे गठ्ठे होतात, आणि लाल रंग डोळ्यादेखत जांभळा-निळा पडतो. तीन-चारदा धुतल्यावरच सोनं टाका. जमलं तर वरचं पाणी फिकट होत जाईल.

चांदी चालणार असेल तर एवढा खटाटोप नको, सिल्व्हर आयन पॉझिटिव्ह असल्याने स्वतःच कार्बोक्सिलकडे जातो, तिथेच बोरोहायड्राइडने रिड्यूस करायचा, म्हणजे त्याचे चांदीचे कण होतात. फक्त कण लहानमोठे निघतात.

आणि एक, सेंट्रिफ्यूज फार जोरात फिरवू नका, नुसतं सोनंही खाली बसतं आणि आपल्याला वाटतं चिकटलं. ट्यूबा न टाकता नुसत्या कोलॉइडची एक नळी सोबत फिरवा. टीईएममध्येही (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) फक्त ट्यूब बघू नका, आजूबाजूची मोकळी ग्रिड (नमुना ठेवायची जाळी) बघा, तिथेही तेवढेच कण पसरलेले असतील तर ते थेंब वाळताना नुसते येऊन पडलेत.